किंजळ तोडली त्या ताऱ्यासाठी

मुंबईच्या एका कॉलेजातल्या प्रोफेसरांनी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीला फसवले. वाडीच्या देवराईतले एक झाड त्यांनी घेतले आणि त्याच्या मोबदल्यात कबूल केलेले उत्तर दिले नाही. सौदा माझ्या तोंडून झाला. त्यामुळे वाडी शिव्या देते तेव्हा आधी मला देते आणि मग, आठवण राहिली तर, त्यांना.

मी हिरड्याचा व्यापार करतो. महाडच्या बाजारात माझी वखार आहे. डोंगरातला हिरडा माझ्याकडे उतरतो, दासगावच्या बंदरावरून बोटीने मुंबईला जातो आणि तिथे कातडी कमावणाऱ्यांच्या हाती पडतो. वखार मला कोणी वारशाने दिलेली नाही. बाप गेला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. डोक्यावर हिरड्याचे गाठोडे घेऊन वाडीतून पहाटे निघायचे आणि उजाडताना पोलादपूर गाठायचे, असे माझे बालपण. तिथला व्यापारी तागडीच्या दांडीला हळूच करंगळी लावी. करंगळी कशी लावतात हे मी तिथे शिकलो, आणि दुसऱ्याने लावलेली कशी ओळखायची हेही. पुढे आयुष्यात मला सहसा कोणी फसवले नाही. म्हणून हे झोंबते.

त्या पहाटेच्या वाटेवर माघ-फाल्गुनात दक्षिणेला डोंगराच्या कडेवर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसत. आम्ही त्यांना नाव ठेवले नव्हते. माझे ते घड्याळ होते. ते जास्त कलले असले की मला उशीर झालेला असे आणि मी पावले उचलत असे.

तीस वर्षांनी महाडच्या वाचनालयात माझी आणि प्रोफेसरांची गाठ पडली. ते हवापालटासाठी नातेवाइकांकडे आले होते आणि गावच्या मंडळींनी त्यांना व्याख्यानाला उभे केले होते. विषय, आपल्या जवळचे तारे. मला एका वकिलाला गाठायचे होते आणि तो पहिल्या रांगेत बसला होता, म्हणून मी मागे उभा राहिलो. प्रोफेसरांनी फळ्यावर खडूने दोन टिंबे काढली. दक्षिणेला खाली जी जोडी दिसते, तिच्यातला जास्त तेजस्वी तारा हा आपल्या सूर्याखालोखाल आपल्याला सगळ्यांत जवळचा, असे ते म्हणाले. पुढे म्हणाले की तो तारा एक नाही. दुर्बिणीतून पाहिले तर तिथे दोन सूर्य एकमेकांभोवती फिरताना दिसतात. शिवाय एक तिसरा आहे, तो इतका मंद की सहज सापडत नाही, आणि खरे तर तोच सर्वांत जवळ. तिथला प्रकाश इथे यायला चार वर्षांहून जास्त लागतात.

मी मागून विचारले, "चाराहून जास्त म्हणजे किती? पाच धरू?"

लोक हसले. प्रोफेसर म्हणाले, "पाच नको. सव्वाचारच्या किंचित वर धरा."

गृहस्थ भाव नीट सांगतो, असे मला वाटले. मी पुढचे विचारले, "मग तिथे कोणी राहतं का?"

आता लोक जास्तच हसले. वकील मागे वळून म्हणाला, "शेट, तिथे हिरडा मिळणार नाही." पण प्रोफेसर हसले नाहीत. ते न हसल्यामुळेच मी अडकलो. खडू खाली ठेवून ते म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे." आणि त्यांनी समजावून सांगितले. ताऱ्यावर कोणी राहू शकत नाही, तो धगधगता गोळा. पण त्याच्याभोवती आपल्यासारखी एखादी पृथ्वी फिरत असेल, ती फार जवळ नसेल आणि फार लांबही नसेल, म्हणजे तिच्यावरचे पाणी उकळून जाणार नाही आणि गोठूनही बसणार नाही, तर तिथे गवत उगवायला हरकत नाही. गवत उगवले तर त्याला खाणारा कोणी असायलाही हरकत नाही.

वकिलाचे काम मी विसरलो. ज्यांच्याकडे बघून मी तीस वर्षांपूर्वी पावले उचलत होतो ते दिवे नव्हते, सूर्य होते, आणि त्यांच्या अंगणात कदाचित कोणी गाठोडे घेऊन चालत होते. मला जागेवर उभे राहवेना. मी दोनदा बाहेर जाऊन परत आलो.

व्याख्यान संपल्यावर प्रोफेसरांनीच मला बाजूला घेतले. मुंबईत धूर आणि दिवे फार, त्यांना दक्षिण बाजू मोकळी असलेली उंच जागा हवी होती. त्यांच्याकडे स्वतःची दुर्बीण होती. माल माझ्याकडे होता आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आले होते. मी म्हणालो, "जागा देतो. खोकी वर चढवायला माणसं देतो. राहायची-जेवायची सोय करतो. पैसे नकोत. तिथे वस्ती होऊ शकते की नाही, होय की नाही, एवढं मला सांगायचं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "जे दिसेल ते अवश्य सांगेन."

मी त्यातले "सांगेन" तेवढे ऐकले. "जे दिसेल ते" हे मी कानाआड केले. तागडी समोर होती, करंगळी समोर होती आणि मी दिवे बघत होतो.

त्याच महिन्यात आम्ही वाडीवर गेलो. वाडी डोंगराच्या सोंडेवर आहे. पंचवीस-तीस घरे, त्यांतल्या निम्म्या घरांचे पुरुष मुंबईला गिरण्यांत. सोंडेच्या टोकाला देवराई, तिच्या आत गावदेवाचा दगड, आणि देवराईच्या उत्तरेला एक सपाट कातळ. दुर्बिणीचा लोखंडी तिवई-स्टँड हलता कामा नये, त्यासाठी कातळच पाहिजे होता, आणि अख्ख्या सोंडेवर सपाट कातळ तेवढा एकच. पहाटे आम्ही तिथे उभे राहिलो. दोन ताऱ्यांतला धाकटा दिसत होता. मोठा, आमचा, दिसत नव्हता. देवराईच्या कडेला उभ्या असलेल्या किंजळीच्या शेंड्यात तो अडकला होता. पानांतून मधूनच लुकलुकला की प्रोफेसर मान वाकडी करत.

"हे झाड," ते म्हणाले.

"देवाचं आहे," मी म्हणालो.

"एकच आहे ना?"

बाहेरच्या माणसाला हे कसे सांगायचे. आमच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीत जात नाही. झाड आपोआप पडले तर ते पडल्या जागी कुजते. माझ्या लहानपणी एकाने पडलेल्या फांदीचा कुऱ्हाडीला दांडा केला होता. त्याच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांना वाडी तो दांडाच कारण धरत असे. अशा जागचे उभे झाड मागायचे होते. मी सकाळी गुरवाकडे गेलो.

गुरव म्हातारा, नात्याने माझा कोणी नाही, पण वाडीत तो सगळ्यांशी एकेरीत बोले. तो म्हणाला, "मी कोन देनारा? देवाला विचार. कौल लावू."

कौल लावण्याची रीत अशी. देवाच्या दगडावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मोठ्याने गाऱ्हाणे घालायचे आणि बसायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अर्धी वाडी जमली. माझी चुलती पुढे येऊन बसली. माझ्या आईमागे मला तिनेच वाढवले, आणि त्या हक्काने ती मला कुठेही, कोणासमोरही बोलते. प्रोफेसरांकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिले.

"ह्यो कोन रे?"

"प्रोफेसर. आकाशातलं बघतात."

"मंग झाड जमिनीवरचं कशाला मागतो?"

गुरवाने गाऱ्हाणे घातले की हे लेकरू तुझी किंजळ मागते, देणार असशील तर उजवा दे. डावी पाकळी लगेच पडली. माणसे उठायला लागली. मी म्हणालो, "थांबा. पुन्हा लावा."

"देवानं नाय म्हटलं," गुरव म्हणाला.

"कशाला होय म्हणेल? आपण फुकट मागितलं. मोबदला कुठे सांगितला?"

चुलती म्हणाली, "बघा. देवाशी पन भाव करतो."

"करतो. पहिल्या भावाला मीही देत नाही, तो का देईल?" मी गुरवाला म्हणालो, "असं सांग. किंजळीच्या बदल्यात त्या ताऱ्याच्या ठिकाणी वस्ती होऊ शकते की नाही ते हे साहेब शोधून काढतील. आणि जे निघेल ते आधी इथे, देवासमोर, वाडीसमोर येऊन सांगतील. मग जगाला."

गुरवाने प्रोफेसरांकडे पाहिले. "कबूल हाय?"

प्रोफेसरांनी मान हलवली. मी म्हणालो, "मान नको. तोंडाने बोला." ते म्हणाले, "कबूल आहे." हे बोललेले अर्ध्या वाडीने ऐकले आहे. आज ते विसरले असतील तर साक्षीदार माझ्याकडे भरपूर आहेत.

दुसऱ्यांदा उजवी पाकळी पडली. चुलती म्हणाली, उजव्या पाकळीला पाणी कमी लावले. गुरवाने तिच्याकडे दुर्लक्ष केले.

कुऱ्हाड कोणी उचलेना. ज्याने मागितले त्याने पहिला घाव घालायचा, असे गुरव म्हणाला. मी घातला. किंजळीचे लाकूड चिवट असते, हाताला झिणझिण्या आल्या. प्रोफेसर लांब उभे राहून दक्षिणेकडे बघत होते. दुपारी झाड पडले तेव्हा त्या बाजूचे आकाश एकदम मोठे झाले. ते जिथे पडले तिथेच ठेवले, कारण रीत तशी आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रोफेसर दुर्बीण घेऊन आले. लांबट खोके चौघांच्या खांद्यावर येताना बघून चुलतीने विचारले, "पालखी आली, नवरी कुठाय?" पितळेची नळी बाहेर निघाल्यावर तिने तिला हात लावून पाहिला आणि घरून हळदीकुंकू आणून वाहिले. प्रोफेसरांनी ते काचेला लागू नये म्हणून नळीवर पंचा टाकला.

पहिल्याच आठवड्यात राबाचा घोटाळा झाला. चैत्र-वैशाखात आमच्याकडे भाताच्या रोपांच्या जागी पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, तो राब. वाडी राब संध्याकाळी जाळते, वारा पडलेला असतो म्हणून. सगळा धूर दरीतून वर येऊन रात्रभर कातळासमोर बसे. प्रोफेसर म्हणाले, महिनाभर जाळू नका. मी त्यांना सांगितले, राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, आणि तुमच्या पानात रोज जे पडते ते भातच आहे. मग मी घरोघर फिरलो. तीन रात्री भांडलो. शेवटी ठरले की राब पहाटे जाळायचा, आणि त्या बदल्यात प्रत्येक घरातल्या माणसाने एकदा नळीतून बघायचे. प्रोफेसरांना ते आवडले नाही. मी म्हणालो, माल बघितल्याशिवाय कोणी घेत नाही.

जेवणे उरकल्यावर माणसे कातळावर येऊन बसू लागली. मी पहिला डोळा लावला. ज्याला मी एक तारा म्हणत होतो तो खरोखरच दोन होता, एक थोडा मोठा, पिवळसर, दुसरा जरा लालसर, आणि दोन्ही थरथरत होते. मी डोळा काढून आकाशात पाहिले, तिथे एकच. पुन्हा लावला, दोन. मला असे वाटले की आजपर्यंत पाहिलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा नीट बघायला हवी, आणि तेवढा वेळ आता आपल्याकडे नाही.

चुलतीने बघून घेतले आणि प्रोफेसरांना विचारले, "तिकडं पानी हाय काय?"

"असू शकेल, आजी. पण सांगता येत नाही."

"नायतर मानसं कशाला असतील? आमच्याकडं एकच सूर्य हाय तर चैतात झरा आटतो. त्यांच्याकडं दोन. त्यांच्या बाया किती लांब जात असतील?"

प्रोफेसर म्हणाले की दुसरा सूर्य पहिल्यापासून फार लांब आहे, जवळच्या पृथ्वीला त्याची धग लागणार नाही, फक्त रात्री भरपूर उजेड पडेल.

"रात्रीचा पन उजेड?" ती म्हणाली. "म्हंजे बायांना झोप नाय."

सगळे हसले, प्रोफेसरही. पण मी पाहिले, की तिला उत्तर द्यायला ते नळीवरून तोंड बाजूला करतात आणि लगेच पुन्हा नळीकडे वळतात. गिऱ्हाईक कुठल्या मालाकडे बघते ते मला दुरून कळते. ते ताऱ्यांच्या आजूबाजूला काही शोधत नव्हते. नळीच्या टोकाला एक बारीक स्क्रू होता, तो फिरवून ते दोन ताऱ्यांच्या मधले अंतर मोजत, वहीत आकडा लिहीत, पुन्हा मोजत. रोज तेच. एकदा मी विचारले, "पृथ्वी कुठे शोधताय?" ते म्हणाले, "आधी हे नीट व्हायला हवं." मला हे खटकले होते. मी स्वतःला गप्प बसवले, कारण पहिला घाव मी घातला होता आणि तो फुकट गेला असे मला कळून घ्यायचे नव्हते.

पाच आठवड्यांनी आभाळ भरून येऊ लागले तसे त्यांनी खोके बांधले. दासगावला बोटीवर बसवताना मी विचारले, "मग? होय की नाही?"

"आकडेमोड करून कळवतो," ते म्हणाले, आणि बोट सुटली.

भात झोडून झाल्यावर वाडीत देवाची राखण, म्हणजे देवाला वर्षाचा मान देणे, असते. वाडीतली मुंबईकर माणसे त्यासाठी येतात. नारळ फुटल्यावर गुरवाने सगळ्यांसमोर विचारले, "उत्तर आलं?" मी म्हणालो, काम चालू आहे. कारण पत्रात त्यांनी तसे लिहिले होते. दुसऱ्या पत्रातही तसेच. मग पत्रे थांबली.

त्या शिमग्यात झरा आटला. झरा देवराईच्या खालच्या अंगाला, किंजळ होती त्याच्या खाली. एरवी तो चैत्र अर्धा उलटेपर्यंत झिरपतो. बायांना आता महिनाभर आधीपासून खालच्या ओढ्यावर उतरावे लागले. उतरायला अर्धा तास, हंडा घेऊन चढायला तास. वाडी म्हणाली, देवाचे देणे राहिले म्हणून. मी म्हणालो, पाऊस कमी झाला म्हणून. पण नाते गावाकडच्या माझ्या एका ओळखीच्याकडे पाऊस तेवढाच पडला होता, आणि त्याचा झरा वाहत होता. मी ते वाडीला सांगितले नाही. चुलती हंडा उतरवून माझ्यासमोर बसली. तिचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते.

"काय रे, तिकडं पानी हाय का नाय ते कळलं?"

"नाही, काकी."

"मंग इकडचं कुठं गेलं ते तरी विचार त्याला."

मी महाडला परत आलो, पण वखारीत बसवेना. गिऱ्हाइकांवर खेकसू लागलो. संध्याकाळी सावित्रीच्या काठाने उगाच चालत राही. महाड खाली आहे, तिथून ते तारे डोंगराआड असतात, तरी मान त्या दिशेला वळे. एकदा असे मनात आले की चार वर्षांपूर्वीचा उजेड आपण बघतो, तर ते आपल्याकडचा कधीचा बघत असतील? तिथे खरोखर कोणी असेल, त्याची नळी आपल्या प्रोफेसरांपेक्षा चांगली असेल, आणि ती आमच्या सोंडेवर रोखलेली असेल, तर त्याच्या हिशेबी किंजळ अजून उभी आहे. झरा अजून वाहतो आहे. मी अजून घाव घातलेला नाही. हा विचार मला चैन पडू देईना. मी दुसऱ्या दिवशी बोट धरली.

कॉलेजात त्यांच्या खोलीत पुस्तके जमिनीपासून छतापर्यंत रचलेली होती. मला बघून ते उठले, खुर्ची दिली, चहा मागवला. मग एक इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात ठेवली. मला इंग्रजी वाचता येत नाही. मी म्हणालो, यात वाडीचे नाव कुठे आहे ते दाखवा. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. तिथे, ते म्हणाले, 'कुलाबा जिल्ह्यातील एका टेकडीवरून' असे आहे. म्हणजे आमचा जिल्हा होता, वाडी नव्हती. दोन ताऱ्यांमधले अंतर त्यांनी कसे मोजले याची ती पुस्तिका होती.

"आणि वस्ती?"

"त्याबद्दल यात काही नाही."

"का नाही?"

मग ते हळूहळू बोलू लागले. त्या ताऱ्याभोवती पृथ्वी असली तरी ती इतकी लहान आणि ताऱ्याच्या झळाळीत इतकी बुडालेली असणार, की त्यांच्या दुर्बिणीतून काय, जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीतूनही दिसणार नाही. शिवाय हल्ली विलायतेत असे मत आहे की दोन तारे एकमेकांच्या अगदी जवळून गेले तरच त्यांच्यातून पृथ्वीसारखे गोळे ओढले जातात. आणि तारे इतके विरळ आहेत की असे फार क्वचित घडते. त्या मताप्रमाणे तिथे बहुधा काहीच नाही. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. उद्या ते बदलेलही.

ते बोलत होते ते खोटे होते असे मला वाटले नाही. मी एवढेच विचारले, "दुर्बिणीतून दिसणार नाही, हे तुम्हाला किंजळ तोडण्याआधी माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"होतं."

"मग कबूल आहे असं का म्हणालात?"

"मला वाटलं, ते तुमचं... रीतभात आहे. तेवढं म्हटलं की काम होतं."

मी टेबलावर हात आपटला. चहा पुस्तिकेवर सांडला. शेजारच्या खोलीतून दोघे डोकावले. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, त्यातले निम्मे मला आठवत नाही आणि उरलेले छापण्यासारखे नाही. ते शांतपणे पुस्तिका टिपत राहिले. मग म्हणाले, "झाडाची जी किंमत होईल ती मी देतो." त्या वाक्याने मी थंड झालो. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने किंमत विचारली आणि मी आकडा सांगितला नाही.

मी म्हणालो, "पैसे नकोत. वाडीवर या. मला सांगितलंत तेच तिथे सांगा."

"पण तिथे सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही."

"नाही, हेच सांगा."

ते नाताळच्या सुट्टीत येतो म्हणाले. शिवाय एक पत्र लिहून दिले, शुद्ध मराठीत, चांगल्या अक्षरात. ते मी राखणीला देवासमोर वाचले. सध्याच्या साधनांनी या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य नाही, असे त्यात होते. गुरवाने ते ऐकून घेतले. चुलती म्हणाली, "मानूस कबूल करून गेला आनि कागद आला. तू हिरडा आनायला सांगतोस तवा लोकं तुला चिठ्ठी आनून देतात काय?"

माझ्या वखारीत असे कोणी केले असते तर मी त्याला दारात उभे केले नसते.

नाताळ आला आणि गेला. त्यानंतरचाही गेला. किंजळ पडून आता तीन वर्षे झाली, तिच्या बुंध्याला अळंबी धरली आहेत. ती पडली त्या दिवशी तिथून निघालेला उजेड अजून वाटेतच आहे. झरा दोनदा शिमग्यालाच आटला, यंदा मात्र चैत्राच्या पाडव्यापर्यंत टिकला. वाडी म्हणते देव थांबला आहे, सोडून दिलेले नाही. मी काय म्हणतो ते मला ठरवता येत नाही. कधी वाटते तिथे कोणी नाही आणि आपण एका रिकाम्या दिव्यासाठी झाड मारले. कधी वाटते कोणी आहे, त्यांच्याकडेही असाच एक माणूस आहे, त्यानेही आपल्या वाडीला शब्द दिला आहे आणि तो आता नदीकाठाने चालतो आहे. दोन्हींपैकी एक खरे असणार. ते मला कळणार नाही, हे मी आता मान्य केले आहे. हिरड्याचा भाव पडला तर मी मान्य करतो, तसे.

पण शब्दाचे तसे नाही. न कळणे हा गुन्हा आहे असे आमच्या वाडीत कोणी म्हणत नाही. गुरवाला स्वतःला पावसाचे कळत नाही आणि तो दरवर्षी तसे सांगतो. त्याला कोणी बोल लावत नाही, कारण तो समोर उभा राहून सांगतो. प्रोफेसर, तुम्ही ठाऊक असून गप्प राहिलात. तुमची मोजणी झाली आणि निघून गेलात. माझ्या चुलतीला, जी अजून हंडा घेऊन चढते, तिला तुम्ही कागद पाठवलात.

म्हणून हे मी छापून देतो आहे, म्हणजे पत्र मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. बोट अजून दासगावला लागते. तिथून महाड, महाडहून पोलादपूरपर्यंत मोटार मिळते. पुढची चढण तुमच्या पायाखालची आहे. खोके आणू नका. देवासमोर, अर्ध्या वाडीसमोर कबूल आहे म्हणालात त्याच जागी उभे राहा आणि माहीत नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगा. आणि कळणार नाही हे आधीपासून माहीत होते तर झाड का घेतलेत, याचा जाब मला नको, काकीला द्या.